डावीकडचा ब्रेक

मास्तरांचा उजवा पाय त्यांच्या ऐकण्यातला नव्हता, आणि ही गोष्ट एकट्या मास्तरांना सोडून सगळ्यांना माहीत होती. घरी खुर्चीत बसून टीव्ही बघताना पडद्यावर एखादी गाडी भरधाव वळली, की इकडे मास्तरांचा पंजा फरशीवर दाबला जायचा. शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसले तरी तेच. त्यांची बायको तर येईल त्याला सांगायची, "अहो, झोपेतसुद्धा मला ब्रेक मारतात हे! पोटऱ्या बघा माझ्या." मास्तर म्हणायचे, "काहीतरीच तुझं."

आता यात त्या बिचाऱ्या पायाचाही दोष नव्हता. मास्तर गाडी शिकवायचे, आणि शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा डावीकडे मास्तरांच्या पायाशी. शिकणारा गडबडला, भलतंच काही दाबून बसला, की मास्तरांनी आपला दाबायचा आणि सगळ्यांनी धडधाकट घरी जायचं. त्या डावीकडच्या ब्रेकच्या जोरावर मास्तरांनी निम्मं गाव शिकवून काढलं होतं. दाताचे डॉक्टर, बँकेतल्या बाई, भाजीवाला, त्याची सून, सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. "माझ्या गाडीवर एक ओरखडा दाखवा," असं ते इतक्या वेळा म्हणायचे, की समोरचाच म्हणायचा, "बक्षीस द्याल, माहीत आहे."

आणि अशा या मास्तरांची सख्खी मोठी बहीण लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो?

ताईने मास्तरांना कडेवर वागवलेलं. शाळेत पहिल्या दिवशी हात धरून तिने नेलं, मारामारी झाली की दुसऱ्या पोराचे कान तिने उपटले. मास्तरांचे केस आता पांढरे झाले, ढेरी सुटली, सगळा गाव त्यांना वाकून नमस्कार करतो, पण ताईच्या तोंडी ते अजून छोट्या. भर चौकात हाक मारते, "ए छोट्या!" आणि मास्तर इकडेतिकडे बघत लगबगीने जातात.

मागच्या वर्षी दाजी गेले. ताईचा नवरा. आजार नाही, पाजार नाही, सकाळी वर्तमानपत्र हातात धरून बसले होते ते बसलेलेच राहिले. मागे राहिलं ताईचं मोकळं घर, आणि शेडमध्ये आच्छादनाखाली दाजींची फिकट पिवळी गाडी. त्या गाडीवर त्या माणसाचा एवढा जीव, की ताई चेष्टेने तिला सवत म्हणायची.

गावाच्या टोकाला शेवटचा पेट्रोल पंप आहे. तिथून किनाऱ्याचा रस्ता निघतो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. मध्ये खाडीवरचा पूल, पुलानंतर एक चढ, मग नागमोडी उतार, आणि सगळ्यात शेवटी दीपगृह. त्याच्यापुढे रस्ताच नाही. लांबलांबचे लोक हा रस्ता बघायला येतात, प्रत्येक वळणावर गाडी थांबवून फोटो काढतात. दाजी मात्र कधी थांबायचे नाहीत. थांबलं की गाडीची लय जाते, असं त्यांचं मत. दर रविवारी ते ताईला घेऊन निघायचे. ते चालवणार, ती डावीकडे बसून संत्री सोलणार आणि एकेक फोड त्यांच्या तोंडात घालणार. पुलापर्यंत जायचे, आणि दर वेळी काहीतरी निघायचंच. कोणी पाहुणे यायचे असत, मुलाचा क्लास असे, नाहीतर दाजींची दुपारची पाळी. पुलाच्या अलीकडूनच गाडी वळायची. दीपगृह पुढच्या वेळी. या पुढच्या वेळीचं करता करता दाजी गेले.

मग एक दिवस परगावी नोकरी करणाऱ्या मुलाचा फोन आला. "आई, गाडी शेडमध्ये नुसती सडतेय. औषधाच्या दुकानवाले काका घ्यायला तयार आहेत. देऊन टाकू."

"मी चालवीन की," ताई म्हणाली. खरं तर तोवर तिच्या मनात असलं काही नव्हतंच. तोंडातून निघून गेलं.

"या वयात?" पोरगा हसला.

झालं! ताईच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की तिथल्या तिथे तिने स्वतःच पैज लावली. तीन वेळा परीक्षा देईन. तिसऱ्यांदाही नापास झाले, तर गाडी खुशाल काकांची. पोराला काय, त्याने हो म्हटलं. औषधवाल्या काकांनीही ऐकलं, आणि तेव्हापासून ते ताईच्या शेडवरून जाताना उगाच थोडे रेंगाळायला लागले.

पहिल्या परीक्षेत ताईने पांढरी रेघ ओलांडून नारिंगी शंकू आडवा केला. दुसऱ्या परीक्षेत पुन्हा तोच शंकू. परीक्षा घेणारे साहेब भला माणूस, त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्तर, तुमच्या ताई गाडी चालवतात झकास. हात सफाईदार, आरशात लक्ष, गिअर लोण्यासारखे. थांबवत मात्र नाहीत."

"थांबवत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे थांबवत नाहीत. त्या बसतात आणि गाडी आपली आपण थांबायची वाट बघतात."

मास्तरांनी मान डोलावली आणि घरी येऊन निदान केलं, की ही परीक्षेची धास्ती. एरवी त्यांच्याबरोबर ताई इतकी छान चालवायची! चौक असो, गर्दी असो, गाडी कशी अलगद थांबायची, पोटातलं पाणी हलायचं नाही. ताईलाही ते पटलं. दोघांनी मिळून परीक्षेच्या मैदानाला, साहेबांच्या मिशीला आणि त्या शंकूला नावं ठेवली.

तिसरी परीक्षा आठवड्यावर आली तेव्हाची गोष्ट. सराव चालला होता. बाजाराच्या रस्त्याने ताई आली, शाळेसमोरच्या गतिरोधकावर गाडी हळू झाली, पुढे सिग्नल लाल झाला, गाडी रेघेच्या मागे सुबक थांबली.

"वा!" मास्तर म्हणाले. "बघ, असं कर परीक्षेत."

"छोट्या," ताई समोर बघत म्हणाली, "ही गाडी थांबवली कोणी?"

"कोणी म्हणजे? तूच की."

"खाली बघ."

मास्तरांनी वाकून बघितलं. ताईचा डावा पाय क्लचवर होता. उजवा पाय चपलेतून काढून, दुमडून, पार सीटखाली ठेवलेला.

"शाळेच्या आधीपासून तो तिथेच आहे," ताई म्हणाली. "ब्रेकला बोट लावलेलं नाही मी. परवापासून मला शंका होती. आता तुझा पाय बघ."

मास्तरांनी आपला पाय बघितला. तो डावीकडच्या ब्रेकवर बसला होता, अगदी हक्काने, जावई बसतो तसा.

सिग्नल हिरवा झाला. मागून भोंगे सुरू झाले. ताई हलेना.

"अगं, सवय असते हाताला... पायाला..."

"सवय? बँकेतल्या बाईंना तू पार कचरापेटीपर्यंत जाऊ दिलंस, मग ब्रेक मारलास. दाताच्या डॉक्टरला त्याच्याच फाटकापर्यंत. तूच हसून हसून सांगितलंस, की हबकल्याशिवाय पाय शिकत नाही. मग माझ्या वेळी काय झालं?"

"तू वेगळी आहेस, ताई."

"म्हणून मी नापास होय रे!" ताईचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "तू मला शिकवत नव्हतासच. तू मला फिरवून आणत होतास. ते तर तुझे दाजीही करायचे."

मास्तरांना हे फार लागलं. कारण खोटं नव्हतं. दाजींच्या जाण्यानंतर ताईच्या बाबतीत त्यांच्या मनात एक धास्तीच बसली होती. आई गेली, वडील गेले, लहानपणचं म्हणावं असं एकच माणूस उरलेलं, आणि ते माणूस लोखंडाच्या डब्यात बसून रस्त्यावर सुटणार. बाकीच्यांच्या वेळी मास्तर ओरडून, दाणकन ब्रेक मारायचे. ताईच्या वेळी पाय आपोआप मऊ पडायचा, कोणाला कळू न देता दाबायचा. स्वतः मास्तरांनाही तो कळू देत नव्हता. ताईला कुठेही लागू नये, एवढंच त्या पायाला ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर सगळे ब्रेक ताईने मारले. मास्तरांचं डोकं चार वेळा काचेपर्यंत जाऊन आलं.

घरी बायकोने चहा ठेवला. ताईने कप हातात घेतला आणि जाहीर केलं, "रविवारी यांची गाडी काढायची. किनाऱ्याने, थेट दीपगृहापर्यंत. मी चालवणार, छोट्या शेजारी बसणार. त्या गाडीत ब्रेक एकच आहे."

"वेड लागलंय का तुला?" मास्तर उठूनच उभे राहिले. "तो पुलापलीकडचा उतार माहीत आहे? एकेक वळण म्हणजे जीव टांगणीला. तिथे शिकाऊ माणसाने..."

"अर्धा रस्ता मला तोंडपाठ आहे. जन्मभर गेलेय मी त्याच्यावरून."

"डावीकडच्या सीटवर बसून! डावीकडे बसून कोणाला गाडी येत नसते."

"मग तू कुठे बसून शिकवतोस?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बायको खुदकन हसली. "जा हो मुकाट्याने," ती म्हणाली. "उंटावरून शेळ्या हाकायची तुमची हौस एकदाची फिटू दे."

रविवारी सकाळी मास्तर उजाडताच शेडमध्ये हजर. आच्छादन काढलं. टायर बडवून बघितले, हवा बघितली, चाकाशी आडवे होऊन ब्रेकची नळी बघितली, मग मेकॅनिकला झोपेतून उठवून आणून त्याच्याकडून पुन्हा सगळं बघून घेतलं. पुढेमागे शिकाऊ चालकाच्या लाल अक्षराच्या पाट्या लावल्या. ब्रेक ठणठणीत होता. एखादा बिघाड सापडला असता तर बरं, असं मास्तरांना मनातून वाटत होतं, पण दाजींनी गाडी मुलीसारखी ठेवलेली. बिघाड कसला सापडतोय?

चालकाच्या सीटवर दाजींची बसून बसून चपटी झालेली उशी तशीच होती. ताईने ती काढली नाही. तिच्यावर घरातली एक जाड उशी ठेवली आणि वर बसली. डावीकडच्या सीटवर संत्र्यांची पिशवी ठेवलेली होती.

"ती तुझी जागा," ताई म्हणाली. "आणि ते तुझं काम."

पेट्रोल पंप मागे पडला आणि मास्तरांच्या पायाने आपला उद्योग आरंभला. सायकलवाला आला, दाब. वळण आलं, दाब. दूरवर कुत्रं नुसतं उभं राहिलं, दाब. खाली ब्रेक नाही हे पायाला कोण सांगणार? पायाखालची रबरी चटई गोळा होत होत पार पुढे जाऊन बसली. एक हात खिडकीवरच्या कडीला, दुसऱ्या हातात न सोललेलं संत्रं, आणि तोंडाने अखंड जप : सावकाश, सावकाश, ताई, सावकाश.

पहिल्या मोठ्या वळणाअलीकडे ताईने गाडी कडेला घेतली. हिसका बसला, पण थांबली.

"मांडी घाल," ताई म्हणाली.

"काय?"

"सीटवर मांडी घालून बस. चप्पल काढ. तो पाय खाली असेपर्यंत मला वाटत राहणार की दुसरं कोणीतरी थांबवणार आहे. आणि तुलाही तेच वाटत राहणार."

"अगं, माणसं बघतील! मला सगळे ओळखतात या रस्त्यावर!"

"तर मग मी इथून हलत नाही."

लहानपणापासून मास्तर एकाच माणसाला घाबरत आलेले. त्यांनी पट्टा सैल केला, चपला काढल्या, ढेरी सांभाळत एकेक पाय वर घेतला आणि पंगतीला बसावं तसे सीटवर बसले. पट्टा पुन्हा आवळला. मांडीत संत्र्यांची पिशवी. समोरून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोतून त्यांच्याच हाताखाली शिकलेला भाजीवाला बघत बघत गेला. मास्तरांनी मान फिरवली.

ती फिरवली म्हणून त्यांना समुद्र दिसला.

"आज समुद्र कसा आहे?" ताईने विचारलं.

"तू रस्त्याकडे बघ!"

"रस्त्याकडेच बघतेय. म्हणून तर तुला विचारतेय."

"निळा आहे."

"निळा असतो हे बालवाडीतल्या पोरालाही माहीत आहे, छोट्या. नीट सांग."

या रस्त्यावर मास्तर किती वेळा आले असतील त्याला गणती नाही. पण येऊन बघितले ते शिकणाऱ्यांचे पाय, आरसे आणि समोरचं वळण. समुद्र डाव्या कानाशी नुसता वाजत असायचा. आता पहिल्यांदाच त्यांना दुसरं काही काम नव्हतं.

"काठाला गढूळ आहे," ते अडखळत म्हणाले. "चहाचं भांडं विसळल्यासारखं पाणी. त्याच्या पलीकडे हिरवा पट्टा आहे... बराच रुंद. मग निळा. एक होडी आहे, तिच्या शिडाला लाल ठिगळ लावलंय. कोणी दिसत नाही तिच्यात. नाही, आहे. झोपलाय गडी. पाय बाहेर आलेत. आणि खडकावर पक्षी बसलेत, ओळीने, सगळे एकाच दिशेला तोंड करून. लाट आली की सगळे एकदम उडतात आणि पुन्हा तिथेच येऊन बसतात. मूर्ख आहेत. ताई, गंमत आहे गं!"

मास्तरांनी एक फोड ताईच्या तोंडाशी नेली, तिने ती घेतली, आणि त्यांना दिसलं की तिच्या गालावरून पाणी ओघळतंय.

"काय झालं?"

"दर रविवारी विचारायचे रे मला," ताई म्हणाली. "आज समुद्र कसा आहे? आणि मी म्हणायची, आहे तसाच. संत्र्यातून डोकं वर न काढता. मला वाटायचं काहीतरी बोलायचं म्हणून विचारतात. त्यांना दिसतच नव्हता, छोट्या. इथे बसलं की रस्त्याशिवाय काही दिसत नाही. येताना त्यांच्या बाजूला असायचा, पण वळणावरची नजर काढणार कोण? एवढं आवडायचं त्यांना इकडे यायला, आणि मी मेली कधी धड सांगितलं नाही."

मास्तरांनी हात पुढे करून तिचे डोळे पुसायला घेतले.

"अरे, संत्र्याच्या हाताने? आंधळी करतोस की काय मला!" ताई ओरडली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "बाहीने पूस."

त्यांनी बाहीने पुसलं.

खाडीवरचा पूल आला. पुलाच्या अलीकडे उजव्या हाताला मोकळी जागा आहे, तिथे दाजी गाडी वळवायचे. ताईने त्या जागेकडे एकदा बघितलं आणि गाडी पुलावर घातली. चाकांखाली जोडपट्ट्या खडखडल्या. पूल संपला. इथून पुढचा रस्ता ताईने कधी पाहिलेला नव्हता, ना त्या सीटवरून ना या.

चढ सरळ होता. उतार लागला तसे मास्तर सावरून बसले. एक वळण गेलं. दुसरं गेलं. ताई दुसऱ्या गिअरमध्ये, शिस्तीत. मास्तरांना वाटलं, चला, जमतंय. त्यांनी एक मोठी फोड स्वतःच्या तोंडात टाकली.

तिसऱ्या वळणावर कड्याआडून शेळ्या आल्या. एकदोन नव्हे, रस्ताभर शेळ्या, आणि सगळ्यात पुढे एक काळं करडू रस्त्याच्या मधोमध बसकण मारून.

मास्तरांचा उजवा पाय धावला. पण धावणार कुठे? तो डाव्या मांडीखाली अडकलेला, वर ढेरी, ढेरीवर पट्टा, पट्ट्यावर पिशवी. ओरडावं तर तोंडात फोड. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांच्या हातात काही नव्हतं आणि पायातही काही नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मोठा हिसका बसला. पिशवी उडाली, संत्री गडगडत काचेवर गेली आणि खाली आली. चाकं करकरली. मग शांतता. मग एक शेळी ओरडली.

मास्तरांनी एक डोळा उघडला. करडू बॉनेटच्या पुढे हातभर अंतरावर उभं राहून त्यांच्याकडे बघत होतं. ताईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले, उजवा पाय ब्रेकवर रोवलेला.

"थांबली," ताई म्हणाली.

"थांबली," मास्तर म्हणाले. फोड अजून तोंडातच होती.

शेळ्यांच्या मागून काठी घेऊन एक बाई आली. करडू काखोटीला मारलं आणि खिडकीशी येऊन फणकारली, "काय हो बाई, हॉर्न नाही का गाडीला?"

"ब्रेक आहे!" ताई म्हणाली. असं म्हणाली, जसं काही तिच्या एकटीच्याच गाडीला आहे. त्या बाईने मांडी घालून बसलेल्या मास्तरांकडे बघितलं, पुन्हा ताईकडे बघितलं, आणि कपाळाला हात लावून शेळ्या घेऊन निघून गेली. दोघं बहीणभाऊ मग जे हसत सुटले ते आवरेनात. मास्तरांना ठसका लागला. ताईने त्यांच्या पाठीत धपाटे घातले, लहानपणी घालायची तसे.

दीपगृहाशी रस्ता संपला. ताईने गाडी कठड्याच्या अलीकडे उभी केली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढली आणि उतरली. मास्तरांना उतरता येईना. दोन्ही पायांना अशा मुंग्या आलेल्या की पाय आपले की शेजाऱ्याचे कळेना. ते तसेच बसून राहिले आणि काचेतून बघत राहिले. ताई कठड्यापाशी गेली. वाऱ्याने पदर उडायला लागला तो तिने खोचला. बराच वेळ ती नुसती उभी होती. ती काय बघतेय, रडतेय की हसतेय, हे तिच्या पाठीवरून कळत नव्हतं, आणि या वेळी मास्तरांनी विचारायचीही घाई केली नाही.

शेवटी लंगडत लंगडत ते जाऊन शेजारी उभे राहिले. "काय? आहे तसाच आहे का?"

"नाही रे," ताई म्हणाली.

येताना ती प्रत्येक वळणावर थांबली. जिथे लोक फोटो काढतात तिथे थांबली, जिथे कोणी थांबत नाही तिथेही थांबली. खडकावरच्या त्या मूर्ख पक्ष्यांपाशी तर इतका वेळ, की मास्तरांनी घड्याळाकडे बघायला सुरुवात केली.

"अगं, किती वेळा थांबशील?"

"आता येतं ना मला," ताई म्हणाली. "यांना चालवायला आवडायचं, थांबायला नाही. समुद्र बघायचा तर थांबायला लागतं रे, छोट्या. एवढंच होतं."

परीक्षेच्या दिवशी मास्तर मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे होते. आदल्या दिवशी ताईनेच बजावलं होतं, आत यायचं नाही. ताईची गाडी रेघेकडे आली. कुंपणाची जाळी धरून मास्तरांनी श्वास रोखला. गाडी थांबली. जरा झटक्याने थांबली, अलगद बिलगद काही नाही, पण रेघेच्या अलीकडे. नारिंगी शंकू पहिल्यांदाच आपल्या पायावर उभा राहिला. साहेब खाली उतरले, आधी शंकूकडे बघितलं, मग ताईकडे, आणि हात जोडले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, खरंच?" असं तो तीनतीनदा म्हणत होता, आणि मग म्हणाला, "मी आलो की मला ने." औषधवाल्या काकांनी दुकानातून हात केला आणि दुसऱ्या दिवसापासून शेडवरून सरळ जायला लागले.

पुढच्या रविवारी मास्तर सकाळीच ताईच्या दारात. हातात संत्र्यांची पिशवी, पायात चप्पलच नाही, म्हणजे मांडी घालायला वेळ जाऊ नये. ताई गाडी पुसत होती.

"तू नको," ती म्हणाली.

मास्तरांचं तोंड एवढंएवढंसं झालं. "एकटी?"

"एकटी."

"आणि संत्री?"

"संत्री दे की."

"चालवता चालवता सोलणार कोण?"

"थांबेन आणि सोलेन."

मास्तरांनी पिशवी डावीकडच्या सीटवर ठेवली, पडू नये म्हणून तिला पट्टाही लावला. दार लावलं. मग पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा लावलं. "कुठे कुठे थांबशील ते तरी सांगून ठेव. म्हणजे मला कळायला."

"वाटेल तिथे," ताई म्हणाली. गाडी सुरू केली, आरशात बघितलं, आणि निघाली.

मास्तर फाटकाशी अनवाणी उभे राहिले. गल्लीच्या टोकाला चौक आहे, तिथे डावीकडून कोण येतंय ते दिसत नाही. फिकट पिवळी गाडी चौकाजवळ गेली. मास्तरांचा उजवा पाय उचलला गेला, मातीवर दाबला जाणार, तेवढ्यात गाडीच्या मागचे दोन्ही लाल दिवे लागले.

त्यांच्या पायाच्या आधी लागले. मास्तरांनी नीट बघितलं होतं.

गाडी थांबली, ताईने दोन्हीकडे बघितलं, आणि समुद्राच्या रस्त्याला वळली. मास्तरांनी उचललेला पाय हळूच खाली ठेवला आणि घरी चप्पल घालायला गेले.